पगार प्लस कमिशनची नोकरी घेताय? हो म्हणायच्या आधी एका ओळीत समीकरण मांडा

मागच्या रविवारी भाची घरी आली. बीकॉम झालंय, दोन ठिकाणी बोलणी झालीत. एक नवी पेठेतलं शोरूम, काउंटरवर उभं राहायचं, महिना १२,००० आणि विक्रीवर २ टक्के. दुसरा चादर-टॉवेलचा होलसेलवाला, त्याच्यासाठी गाडीवर फिरून दुकानदारांकडनं ऑर्डर आणायच्या, ८,००० फिक्स आणि ४ टक्के. म्हणाली, "मामा, चार टक्के म्हणजे डबल की, होलसेलचंच घेते." मी म्हटलं, थांब गं, जरा कागद घे.

मी सोलापुरात कापड लाईनीत बरीच वर्षं हिशोब बघतोय, त्यामुळं हे सारखं दिसतं, पोरं-पोरी टक्का ऐकून हो म्हणतात किंवा फिक्स आकडा ऐकून हो म्हणतात, आणि दोन महिन्यांनी हातात काय येतंय बघून तोंड उतरतं. खरं तर यात अवघड काही नाही. दहावीच्या गणित भाग १ मधला पहिलाच धडा आठवा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. तोच इथं लागतो, फक्त तेव्हा मार्कांसाठी केला होता आणि आता घर चालवायला करायचाय.

आधी समीकरण

पगाराला 'प' म्हणा, विक्रीला 'व'. विक्री महिन्याला बदलते, तिच्यामागनं पगार बदलतो, म्हणून ही दोन झाली चलं. फिक्स पगार बदलत नाही, तो स्थिरांक, त्याला 'फ' म्हणू. आणि कमिशनचा दर 'द', टक्क्यात नाही तर दशांशात लिहायचा, म्हणजे २ टक्के असेल तर ०.०२.

प = फ + द × व

बास, एवढंच. शोरूमची ऑफर झाली

प = १२,००० + ०.०२ × व

आणि होलसेलवाल्याची

प = ८,००० + ०.०४ × व

इथं एक चूक हमखास होते म्हणून आत्ताच सांगतो. बऱ्याच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १२,००० अधिक २ आणि मग टक्क्याचं बटण दाबलं की उत्तर १२,२४० येतं, कारण तो २ टक्के १२,००० चे धरतो. आपल्याला २ टक्के विक्रीचे पाहिजेत, पगाराचे नाहीत. म्हणून टक्क्याच्या बटणाला हातच लावायचा नाही, आधी विक्री गुणिले ०.०२ करा, मग त्यात १२,००० मिळवा. आणि ४ टक्के म्हणजे ०.०४, ०.४ नाही, शून्य चुकलं की कमिशन दहापट दिसतं आणि माणूस खूश होऊन बसतो.

यातला 'द' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यातच आहे. विक्री एक लाखानं वाढली तर पगार कितीनं वाढेल ते 'द' सांगतो, शोरूममध्ये २,००० नं, होलसेलला ४,००० नं. पुस्तकात याला रेषेचा चढ म्हणतात. आणि 'फ' म्हणजे एक रुपयाचीही विक्री झाली नाही तरी जे मिळणार ते, आलेखात रेषा जिथनं सुरू होते तो बिंदू.

माझी आई विड्या वळायची. तिला फिक्स असं काही नव्हतं, हजार विड्यांमागं जी मजुरी ठरलेली ती. म्हणजे तिच्या समीकरणात 'फ' शून्य, रेषा आरंभबिंदूतनं निघणारी, हात थांबला की मजुरी थांबली. यंत्रमागावर नगावर काम करणाऱ्यांचं तसंच. आणि महिन्याचा ठरलेला पगार घेणाऱ्या क्लार्कचं उलटं, 'द' शून्य, रेषा आडवी. पगार प्लस कमिशन या दोन्हींच्या मधलं आहे, म्हणून दोन्ही आकडे बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

दोन ऑफरी कुठं सारख्या होतात

भाचीला म्हटलं, दोन्ही समीकरणं समोरासमोर ठेव.

१२,००० + ०.०२ × व = ८,००० + ०.०४ × व

'व' एका बाजूला, आकडे दुसऱ्या बाजूला.

४,००० = ०.०२ × व

व = ४,००० ÷ ०.०२ = २,००,०००

म्हणजे महिन्याला बरोबर दोन लाखाची विक्री झाली तर दोन्हीकडं पगार सारखाच, १६,०००. पडताळून बघा, १२,००० अधिक ४,०००, आणि ८,००० अधिक ८,०००. दोन लाखाच्या खाली शोरूम बरं, दोन लाखाच्या वर होलसेल बरं. ही एकसामयिक समीकरणंच झाली, क्रेमरच्या पद्धतीनं सोडवली तरी हेच उत्तर येणार, पण इथं एवढं करायची गरज नाही.

आलेखाचा कागद असेल तर काढाच, मी भाचीकडनं काढून घेतला. आडव्या अक्षावर विक्री, १ सेंमीला ५०,०००. उभ्या अक्षावर पगार, १ सेंमीला २,०००. शोरूमची रेषा विक्री शून्यला १२,००० वर, चार लाखाला २०,००० वर. होलसेलची शून्यला ८,००० वर, चार लाखाला २४,००० वर. दोन-दोन बिंदू जोडले की दोन रेषा, आणि त्या दोन लाखावर एकमेकींना छेदतात. तिची आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली, "काय करलालाव एवढा वेळ?" म्हणाली, तिनं कागद बघितला आणि तिलाही एका नजरेत कळलं की ही रेषा खालनं सुरू होते पण उभी जाते, ती वरनं सुरू होते पण आडवी जाते. आकडे सांगून जे पंधरा मिनिटात पटलं नव्हतं ते चित्रानं पटलं.

आता पेट्रोल. होलसेलच्या कामाला गाडी स्वतःची, अक्कलकोट रोड, होटगी रोड, आठवड्यातनं एखादं वेळ तुळजापूर. महिन्याला २,५०० चं पेट्रोल धरलं आणि ते तिच्याच खिशातनं जाणार असेल तर समीकरण ८,००० नं नाही, ५,५०० नं सुरू होतं.

प = ५,५०० + ०.०४ × व

परत समोरासमोर ठेवा, १२,००० उणे ५,५०० म्हणजे ६,५००, भागिले ०.०२, उत्तर ३,२५,०००. बघा, फिक्समधनं फक्त अडीच हजार गेले आणि बरोबरीचा बिंदू दोन लाखावरनं सव्वातीन लाखावर गेला! पेट्रोल, जेवण, मोबाईल रिचार्ज हे किरकोळ आहे म्हणून सोडून देऊ नका, दोन रेषांच्या चढात फरक थोडाच असतो तेव्हा असला छोटा आकडाही छेदबिंदू लांब ढकलतो.

पण एक गोष्ट याहून मोठी आहे आणि ती पुस्तकातल्या गणितात येत नाही. वरचा सगळा हिशोब दोन्हीकडं विक्री सारखीच होईल असं धरून केलाय. तशी ती होत नाही. शोरूममध्ये गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं, पण ते चार सेल्समनमध्ये वाटलं जातं. होलसेलला ऑर्डर एकदम मोठी येते, पण ती आणायला दुकानदार बांधावा लागतो आणि नवीन माणसाला पहिले महिने कोण दारात उभं करतं? म्हणून दोन्हीकडच्या समीकरणात एकच 'व' घालू नका, प्रत्येक ठिकाणी त्या ठिकाणचा 'व' घाला. तो कळायचा एकच रस्ता, तिथं आधी जो माणूस होता त्याची महिन्याची विक्री किती व्हायची ते विचारायचं. शेठला विचारा, जमलं तर तिथल्या कामगारालाही विचारा, टपरीवर चहा पिताना लोक खरं सांगतात.

'व' म्हणजे नेमकं काय धरलंय

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, आणि माझीही झालीय. पहिल्या नोकरीत मला २ टक्के कमिशन ठरलं होतं. एका महिन्यात मी चार लाखाचा माल काढला, डोक्यात ८,००० कमिशन धरून घरी सांगूनही टाकलं. हातात आले २,४००. का, तर कमिशन विक्रीवर नव्हतंच, वसुलीवर होतं, आणि त्या महिन्यात पार्ट्यांकडनं, म्हणजे माल घेणाऱ्या दुकानदारांकडनं, आले होते फक्त १,२०,०००, बाकी सगळी उधारी. १,२०,००० गुणिले ०.०२ म्हणजे २,४००, हिशोब त्यांच्या बाजूनं बरोबरच होता, फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. घरी त्या दिवशी आईचा चेहरा बघवला नाही.

म्हणून 'व' लिहिताना त्याच्यासमोर स्पष्ट लिहून ठेवा, बिल केलेली रक्कम की जमा झालेली रक्कम. जमा झालेली असेल तर आजच्या ऑर्डरीचं कमिशन दोन महिन्यांनी येणार, म्हणजे सुरवातीला 'व' जवळजवळ शून्य आणि हातात फक्त 'फ'. तेवढ्यात घर चालेल का हे आधी बघायचं. समीकरण तेच राहतं, फक्त त्यात या महिन्याची नाही तर मागची विक्री घालायची असते.

दुसरं जीएसटी. चादरीचं बिल जीएसटी धरून ३,१५,००० झालं आणि जीएसटी ५ टक्के असेल तर मूळ विक्री ३,००,०००. कमिशन कशावर? बहुतेक ठिकाणी मूळ रकमेवर देतात, आणि ते बरोबरही आहे, कर हा दुकानाचा पैसा नाहीच. पण मग तुम्हीही मनात बिलाचा आकडा धरू नका, २ टक्क्यानं महिन्याला ३०० चा फरक पडतो. आणि जीएसटी काढायला ३,१५,००० मधनं ५ टक्के वजा करू नका, ते २,९९,२५० येतात, चुकीचं आहे. १.०५ नं भागायचं, कारण ५ टक्के मूळ रकमेवर लावलेले आहेत, बिलाच्या रकमेवर नाहीत.

तिसरं परत आलेला माल. आईच्या विड्यांचंच परत सांगतो, हजार वळल्या तरी त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढल्या की मजुरी उरलेल्यांचीच. इथंही विक्री वजा परत आलेला माल म्हणजे निव्वळ विक्री, तीच 'व'. हे चूक आहे असं नाही, पण कमिशन दिल्यावर तीन महिन्यांनी परत आलेल्या मालाचं कमिशन कापणार का, किती दिवसांपर्यंतचं कापणार, हे आधी बोलून घ्यावं.

टार्गेटच्या वरचं कमिशन

"१०,००० पगार, आणि एक लाखाच्या वरच्या विक्रीवर ३ टक्के." असं सांगतात तेव्हा समीकरण असं होतं

प = १०,००० + ०.०३ × (व − १,००,०००)

कंस सोडवला की प = ७,००० + ०.०३ × व. आता हे ७,००० बघून गोंधळू नका, पगार ७,००० झालेला नाही. ही रेषा एक लाखापासून पुढंच खरी आहे, ती मागं वाढवली तर ७,००० ला टेकते एवढंच. एक लाखाच्या आत आडवी रेषा, १०,००० वर. ८०,००० विक्री झाली आणि तुम्ही सूत्रात घातली तर ९,४०० येतील, ते चूक, मिळणार १०,०००. म्हणून असं समीकरण लिहिताना शेजारी लिहायचं, कुठपासून कुठपर्यंत चालतं.

स्लॅब असतील तर एकच प्रश्न विचारा, वरचा दर पूर्ण विक्रीवर की वरच्या भागावरच. समजा दोन लाखापर्यंत २ टक्के आणि त्याच्या वर ४ टक्के, आणि तुमची विक्री झाली २,१०,०००. फक्त वरच्या भागावर ४ टक्के असतील तर ४,००० अधिक ४००, म्हणजे ४,४००. पूर्ण विक्रीवर असतील तर ८,४००. चार हजाराचा फरक, आणि तोंडी बोलताना दोन्हीला "दोन लाखाच्या वर चार टक्के" असंच म्हणतात.

आता सोलापुरात धंदा बारा महिने सारखा नसतो हे आपल्याला माहितीय. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार भरतो, बाहेरगावचे लोक येतात, थंडीही असते, चादर खपते. लग्नसराई, दिवाळी, आषाढी, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारी गर्दी, शाळा उघडायच्या आधी युनिफॉर्मची धांदल. आणि मध्ये असे महिने येतात की दुकानात माश्या मारत बसायची वेळ. साधं समीकरण असेल, म्हणजे फिक्स अधिक सरळ टक्का, तर याची काळजी नाही, वर्षाची विक्री बारानं भागून जी सरासरी येईल ती समीकरणात घाला, सरासरी पगार बरोबर येतो. वर्षाला २४ लाख विक्री असेल तर महिना सरासरी दोन लाख, शोरूमचा सरासरी पगार १६,०००, मग जानेवारीत किती आणि ऑगस्टमध्ये किती याला अर्थ नाही.

पण टार्गेट आलं की हे मोडतं. वरचंच उदाहरण, एक लाखाच्या वर ३ टक्के. एका महिन्यात ४०,००० विक्री, दुसऱ्यात १,६०,०००. सरासरी बरोबर एक लाख, सरासरी सूत्रात घातली तर कमिशन शून्य. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात शून्य पण दुसऱ्यात ६०,००० वर ३ टक्के, म्हणजे १,८००. म्हणजे विक्री चढउताराची असेल आणि टार्गेट महिन्याचं असेल तर कामगाराचा फायदा. हेच टार्गेट मालकानं तिमाही किंवा वार्षिक केलं तर मंदीचे महिने तेजीच्या महिन्यांना खाऊन टाकतात आणि कमिशन घटतं. टार्गेटचा आकडा सगळे विचारतात, ते किती मुदतीचं आहे हे फार कमी लोक विचारतात. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथं कोणी फसवत नसतं, दोन्ही पद्धती सरळ आहेत, फक्त हातात येणारे पैसे वेगळे.

उलटा हिशोब

हे मी प्रत्येकाला करायला लावतो. घराला किती लागतात ते आधी ठरवा, मग किती विकावं लागेल ते काढा.

व = (प − फ) ÷ द

समजा १८,००० पाहिजेत, शोरूममध्ये. १८,००० उणे १२,००० म्हणजे ६,०००, भागिले ०.०२, तीन लाख. तीन लाख म्हटल्यावर डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून त्याच्या चादरी करा. सरासरी ५०० ची चादर धरली तर ६०० चादरी. महिन्याचे २६ दिवस, रोजच्या २३ ला जरा वर, म्हणजे २४ धरा. आता शोरूममध्ये एक तास उभं राहून बघा, एका काउंटरवर दिवसाला २४ चादरी जातात का. जात असतील तर ठीक, नसतील तर १८,००० चा विचार सोडा किंवा फिक्स वाढवून मागा. असं नगावर आणलं की मालकाशी बोलतानाही जोर येतो.

कापाकापी पण यात बसते. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात पुरुषांना महिना १०,००० च्या वर पगार असेल तर २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बायकांना २५,००० पर्यंत लागत नाही, म्हणून भाचीला तो प्रश्न नाही. मूळ पगारावर पीएफ कापत असतील तर १२ टक्के, १२,००० वर १,४४०. पगार टॅक्सची मर्यादा ओलांडत नाही तोवर हे दोन्ही विक्रीनं बदलत नाहीत, म्हणून सरळ 'फ' मधनं वजा करा, चढ तोच राहतो, रेषा खाली सरकते. खाडे मात्र वेगळे. दिवसाला पगार कापत असतील तर ते तिसरं चल, समजा 'ख'.

प = १२,००० − ४०० × ख + ०.०२ × व

४०० हे १२,००० भागिले ३० केलेत. काही जण २६ नं भागतात, मग ४६१ च्या वर जातं. एका खाड्याला साठेक रुपयांचा फरक, विचारून ठेवा. उचल घेतली असेल तर ती समीकरणात घालू नका, उचल म्हणजे आधी घेतलेला पगार, कमाईत फरक पडत नाही, ती शेवटी हातात येणाऱ्या रकमेतनं वेगळी वजा करायची.

समीकरणच माहीत नसेल तर

बरेच जण वर्षानुवर्षं काम करतात, पण कमिशन नक्की किती टक्के धरतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. दोन महिन्यांची विक्री आणि पगार लिहिलेला असेल तर आपलं आपल्याला काढता येतं. शेजारचा एक मुलगा वही घेऊन आला होता. एका महिन्यात विक्री १,५०,०००, पगार १४,२५०. दुसऱ्या महिन्यात विक्री २,३०,०००, पगार १६,२५०.

विक्रीतला फरक ८०,०००, पगारातला फरक २,०००. भागाकार करा, २,००० ÷ ८०,००० = ०.०२५. म्हणजे अडीच टक्के. आता १,५०,००० चे अडीच टक्के ३,७५०, ते १४,२५० मधनं वजा केले की १०,५००. मिळालं समीकरण

प = १०,५०० + ०.०२५ × व

दुसरा महिना घालून ताळा केला, १०,५०० अधिक ५,७५०, बरोबर १६,२५०. पण दोन बिंदूंतनं रेषा कशीही निघतेच, ती खरी आहे का हे तिसरा महिना सांगतो. तिसऱ्या महिन्यात विक्री १,८०,०००, सूत्रानं १५,००० यायला पाहिजेत, वहीत होते १४,६००. चारशे कमी. खाडा नव्हता. मी ४०० ला ०.०२५ नं भागलं, १६,००० आले. त्याला विचारलं, त्या महिन्यात सोळा हजाराच्या आसपास काही परत आलं का? जरा आठवून म्हणाला, हो, एका लॉजवाल्यानं टॉवेलचा गठ्ठा परत पाठवला होता. दुकानात जाऊन बघितलं तर तेवढ्याच रकमेचा. चारशे रुपयांचा हिशोब लागला, तोपर्यंत त्याच्या मनात मालकाबद्दल शंका होती ती गेली, आणि पुढच्या वेळी खरंच चूक असेल तर ती पण त्याला दाखवता येईल.

यासाठी रोजची विक्री स्वतःच्या वहीत लिहा. तारीख, बिल नंबर, रक्कम, परत आलेलं असेल तर ते, वसुली असेल तर जमा झाल्याची तारीख. रोजची पाच मिनिटं जातात.

भाचीचं पुढं काय झालं ते सांगतो. ती दोन्हीकडं परत गेली, वहीत प्रश्न लिहून. शोरूममध्ये आधीच्या मुलीची सरासरी विक्री २,४०,००० होती असं कळलं, म्हणजे पगार १६,८००, आणि कमिशन त्याच महिन्यात. होलसेलवाल्याचा आधीचा माणूस तीन लाखापर्यंत जायचा, पण कमिशन वसुलीवर, पार्टी दीड महिन्यानं पैसे देते. पेट्रोलबद्दल बोलल्यावर ते १,२०० द्यायला तयार झाले. २,५०० पैकी १,३०० तिच्या खिशातनं, म्हणजे

प = ६,७०० + ०.०४ × व

तीन लाखाला १८,७००. शोरूमपेक्षा १,९०० जास्त, पण सुरवातीचे दोन महिने ६,७०० च. घरी तिला कमीत कमी १४,००० द्यावेच लागतात, भावाच्या फीचा हप्ता चालू आहे, आणि तेवढ्यासाठी (१४,००० − ६,७००) ÷ ०.०४ म्हणजे १,८२,५०० ची वसुली पाहिजे. ती पहिल्या महिन्यात येणं शक्यच नाही.

तर तिनं तो आलेखाचा कागदच होलसेलच्या शेठसमोर ठेवला आणि सांगितलं, काका, काम मला हेच आवडेल, पण पहिले दोन महिने वसुली येईपर्यंत मला निभणार नाही. त्यांनी कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, पहिले दोन महिने पगार-कमिशन मिळून १५,५०० च्या खाली जाऊ देणार नाही, त्याच्या वर गेलं तर जे होईल ते. पेट्रोलचे १,३०० गेले तरी १४,२०० उरतात. हे तिनं तिथंच व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं, वसुलीची अट, परत मालाची मुदत नव्वद दिवस, आणि पेट्रोलचे १,२०० हे पण त्यातच. सोमवारपासून जातेय, पहिला रूट अक्कलकोट रोडचा दिलाय.